‘खाली’ लिहिलेली तार

सुमनवहिनी नसत्या तर मी बी.एस्सी. झालो नसतो. त्या माझ्या चुलतभावाच्या पत्नी. साताऱ्याकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन एकदम ग्वाल्हेरला आलेल्या, शाळा चौथीपर्यंत झालेली. मी शिवपुरीहून मॅट्रिक होऊन कॉलेजसाठी आलो, तेव्हा खासगी बाजारातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मला जागा मिळाली. कॉलेजात सगळं इंग्रजीत. मी पहिल्या बाकावर बसून शब्दन् शब्द उतरवून घ्यायचो आणि त्यातलं मला काही कळायचं नाही. संध्याकाळी भाजी निवडायला बसल्या की वहिनी विचारायच्या, "आज काय शिकवलं, भाऊजी?" आधी मला वाटलं, सहज विचारतायत. पण त्यांना ते खरंच हवं असायचं. मी मराठीत सांगायचो. त्या शेवटपर्यंत ऐकायच्या आणि म्हणायच्या, "न्हाई कळलं. परत सांगा." परत सांगायला लागलो की लक्षात यायचं, कळलेलं मलाच नाही. मग पुस्तक उघडायचो. तारेतून वीज जाते म्हणजे काय जातं, तापलं की लोखंड का फुगतं, हे मी मेथीच्या जुडीसमोर बसून शिकलो. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. वडील संस्थानच्या फौजेत घोड्यांच्या तबेल्यावर होते. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, आणि ते एक शाल आणि खरारा घेऊन घरी आले. पुढे मी वीज शिकलो याचं त्यांना मोठं कौतुक होतं, पण वीज म्हणजे काय ते त्यांनी कधी विचारलं नाही. वहिनींनी विचारलं.

आश्विन आला की मला थकवा येतो. इथं आश्विनाला सगळे क्वांर म्हणतात, आम्हीही तसंच म्हणतो. पाऊस गेलेला असतो, जमिनीत ओल असते, आणि वरून ऊन असं पडतं की जणू पावसात चुकलेले सगळे दिवस ते आत्ताच भरून काढणार आहे. सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं, दुपारी अंगातला सदराही नकोसा होतो. रामलीलेच्या मैदानात रावणाच्या सांगाड्याचे बांबू येऊन पडतात. रस्त्यातला चिखल वाळून त्याची धूळ होते आणि ती बाड्यावरच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकातल्या, दुकानांच्या काचांवर बसते. माणसं शिंकत, खोकत, घाम पुसत सणांच्या तयारीला लागतात. माझं मात्र जुनं दुखणं या दिवसांत वर येतं. गुडघ्यांचं आहेच, पण मी म्हणतो ते वेगळं. एखादी गोष्ट सापडत नसताना ती शोधत राहायचं जे दुखणं असतं, ते.

परवा गोरखीच्या बाजूला एक पिवळं खोदयंत्र रस्त्यात बंद पडलेलं दिसलं. मागे गाड्यांची रांग, भोंगे, शिव्या. एक तरुण मेकॅनिक हातात छोटा पडदा घेऊन यंत्राला वायरीनं जोडून बसला होता. आता यंत्र स्वतःच सांगतं, आपल्याला काय होतंय ते. मी थांबलो. अशा वेळी मला थांबल्याशिवाय राहवत नाही.

"क्या कह रही है?" मी विचारलं.

"सेन्सर का कोड दे रहा है, अंकल."

"तो सेन्सर बदलो."

"बदल चुके. नया डाला है. फिर भी वही कोड."

"अर्थ का तार देख लिया?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझी छत्री, माझी पिशवी, पिशवीतली कोथिंबीर. "देखते हैं, अंकल," तो म्हणाला. म्हाताऱ्यांना ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात. मी पुढे निघालो. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ जात होता आणि त्यात धूळ मिसळून काळी रेघ झाली होती. ती रेघ माझ्या ओळखीची होती.

छप्पन सालचा क्वांर. मध्यभारत हे राज्य संपायला आलं होतं आणि नवा मध्यप्रदेश व्हायचा होता. मी मुरारच्या वाटेवरच्या यंत्रांच्या आवारात नोकरीला लागलो होतो. कालव्यांच्या आणि रस्त्यांच्या कामावरची सरकारी यंत्रं तिथं दुरुस्तीला यायची. मी विजेच्या बाजूचा कनिष्ठ. आवाराला सगळे यार्ड म्हणायचे. पावसाचे चार महिने मातीकाम बंद, म्हणून डोझर, रोलर, मातीचे फावडे असलेली यंत्रं ताडपत्रीखाली उभी असायची. क्वांरात ताडपत्र्या निघायच्या. तो वास मी आजही डोळे मिटून सांगू शकतो: कुजलेलं गोणपाट, जुनं डिझेल, उंदरांची लेंडकं आणि वाळत आलेला चिखल. बॅटरीच्या टोकांवर हिरवी बुरशी फुललेली. नळ्यांच्या तोंडांत कुंभारीण माश्यांनी मातीची घरटी केलेली. तारांच्या जुडग्यात उंदरांनी कापडी वेष्टन कुरतडून मऊ गाद्या केलेल्या, आणि एखाद्या गादीत गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्लं. ती पिल्लं काढताना हरप्रसाद मिस्त्री दर वेळी म्हणायचा, "राम राम, जे तो किराएदार निकले."

हरप्रसाद आमचा विजेचा मिस्त्री. उंच, वाकलेला, कानावर अर्धी विडी. बायकोला आणि सासूला घेऊन मुरारला राहायचा. यार्डात तो फाटक बसलं तेव्हापासून होता, पण कच्चा. म्हणजे दर वर्षी नाव नव्यानं लिहायचं. त्याचा हात चांगला होता. चुकायचाही. चुकला की स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारायचा आणि पुढच्या कामाला लागायचा. मला तो बाबूजी म्हणायचा. मी त्याच्याहून बराच लहान, तरी पदवीमुळे बाबूजी. मला ते आवडायचं आणि आवडतं याची लाजही वाटायची.

त्या वर्षी सगळंच इकडचं तिकडे चाललं होतं. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, सचिवालयात कारकून. तिथं कपाटं रिकामी होत होती, गठ्ठे बांधले जात होते, राजधानी भोपाळला जाणार होती. दादा संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "आज महसूल बांधलं. उद्या शिक्षण बांधायचं आहे." जसं काही खात्यांना दोरीनं बांधून बैलगाडीत घालतायत. आणि उलट बाजूनं, नागपूरकडून यंत्रं येत होती. नागपूर मुंबई राज्यात जाणार, म्हणून तिथल्या जुन्या सरकारी यंत्रांची वाटणी आधीच सुरू झाली होती. पावसाच्या तोंडावर त्यातला एक डोझर मालगाडीवरून आमच्याकडे उतरला आणि तसाच ताडपत्रीखाली गेला.

क्वांरात त्याची ताडपत्री काढली तेव्हा उंदरांनी त्याच्यात संसारच मांडलेला होता. तारांना गुंडाळलेलं वेष्टन जागोजाग गेलेलं. त्या डोझरच्या तारांवर तिकडच्या यार्डानं कापडाच्या पट्ट्या बांधून रंगानं काही काही लिहिलेलं होतं. उंदरांनी त्या पट्ट्या खाल्ल्या होत्या. एकच शाबूत राहिली होती. हरप्रसादनं ती बोटांत धरून उजेडाकडे केली.

"बाबूजी, देखियो. का लिखो है?"

मी वाचलं. "खाली."

"हओ. जे तार खाली है. काट के बाँध दऊँ?"

"बाँध दो," मी म्हटलं.

त्यानं टोक कापलं, फीत गुंडाळली आणि जुडग्याच्या पोटात नीट बसवून टाकली. कसलंही काम नसलेली, पुढेमागे लागेल म्हणून सोडलेली तार प्रत्येक यंत्रात एखादी असतेच. बाकीच्या तारा आम्ही नव्यानं गुंडाळल्या, टोकं घासून चकचकीत केली, बॅटरी लावली. डोझर पहिल्या झटक्यात चालू झाला. यार्डातून चार चकरा मारल्या. आम्ही चहा मागवला.

शहराबाहेर कालव्याचा बांध घालायचं काम होतं. डोझर तिथं गेला, उताराला लागला, आणि बंद पडला.

सपाटीवर आणला की चालू. उताराला लागला की एक उचकी, आणि बंद. त्या डोझरमध्ये तेलाचा दाब घसरला तर इंधन आपोआप तुटावं, इंजिन जळू नये, अशी योजना केलेली होती. दाब जाणून घेणारी एक बोंडाएवढी डबी असते. आज तिला सेन्सर म्हणतात, आम्ही सेंडर म्हणायचो. म्हणजे सेंडर सांगत होता की दाब नाही. आम्ही तेल बघितलं, पुरेपूर. पंप बघितला, उत्तम. सेंडर वरच्या फटीतून न बघता हात घालून काढला, यार्डात तपासला, ठीक. तरी दुसऱ्या यंत्राचा काढून लावला. उताराला तोच प्रकार. पटलावरची कळ बदलली. सेंडरकडे जाणारी तार बदलली. इंधन तोडणारी झडप बदलली. दर वेळी यार्डात ते यंत्र शहाण्यासारखं चालायचं, आणि दर वेळी बांधावर नाक तिरकं झालं की मान टाकायचं. मी रोज सायकलवरून खासगी बाजारातून निघायचो, बाडा ओलांडायचो, यार्डात जायचो, तिथून ट्रकमध्ये बसून बांधावर. दुपारी पत्रा असा तापायचा की त्यावर टेकलेलं कोपर भाजायचं. डोळ्यांत मातीची किरकिर. काही सापडलं तर थकवा निघून जातो. न सापडता आलेला थकवा झोपेतही जात नाही, हे मी त्या महिन्यात शिकलो.

दसऱ्याला यार्डात यंत्रांची पूजा झाली. हरप्रसादनं सगळ्यांत मोठा झेंडूचा हार त्या डोझरला घातला. चालकानं त्याला टोमणा मारला, "मिस्तरी, दूल्हा तो सजा लिओ, अब घोड़ी चढ़ै तब जानें." सगळे हसले. हरप्रसादही हसला, पण त्याचा हात हाराच्या गाठीवरच राहिला.

कारण त्याच सकाळी आमच्या मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं, मलाही. ते स्वतः भोपाळला जायच्या गडबडीत होते, टेबलावर अर्धं सामान बांधलेलं. "नए राज में कच्चे आदमियों के नाम माँगे हैं," ते म्हणाले. "जिसका काम दिखेगा उसका नाम भेजूँगा. नागपुर वाले साहब देखने आ रहे हैं. डोजर बाँध पर चला तो हरप्रसाद का नाम जाएगा. नहीं चला, तो भई, मैं क्या लिखूँ?" बाहेर आल्यावर हरप्रसादनं विडी पेटवली नाही, कानावरून काढून नुसती हातात फिरवत राहिला. नाव गेलं नाही तर नव्या राज्यात त्याची नोंदच नसणार. इतक्या वर्षांचा माणूस, आणि जुनं राज्य संपताना त्याच्याबरोबर संपणार.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा दादा अजून यायचे होते. वहिनी दारातल्या उजेडात तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझी पदवी झाली, नोकरी लागली, तरी त्यांचा प्रश्न थांबलेला नव्हता.

"आज काय झालं, भाऊजी?"

"काही नाही, वहिनी. तेच. डोझर."

"तेच काय? सांगा की."

मला बोलायचं त्राण नव्हतं, पण त्यांना नाही म्हणायची सवय नव्हती. मी पहिल्यापासून सांगायला लागलो. ताडपत्री काढली, उंदीर निघाले, पट्ट्या खाल्लेल्या होत्या, एकीवर ‘खाली’ लिहिलं होतं, ती तार कापून बांधून टाकली, मग…

"थांबा," त्या म्हणाल्या. "मग खाली काय व्हतं?"

"खाली होती ना ती."

"ते कळलं. पर खाली काय व्हतं?"

"वहिनी, खाली होती म्हणून तर बांधून टाकली."

"अवो, चिठीवर खाली लिवलंय न्हवं? मग तुम्ही खाली बघितलं का न्हाई?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी ताप येऊन बरळतो आहे. "का नुसतं वरच्या वर बघून आला?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. आमच्या ग्वाल्हेरच्या घरांतून दोन्ही ‘खाली’ नांदायचे, मराठीतला तळाचा आणि हिंदीतला रिकामा. माणसं जिन्याच्या खालीही बसायची आणि काम नसलं की खालीही बसायची; डबा फडताळात खाली असायचा आणि संपला की खालीही व्हायचा. घरात कुणाचा गोंधळ व्हायचा नाही, समोर डबा दिसत असायचा. पण यार्डात मी पाऊल ठेवलं की माझ्या डोक्यातला मराठी माणूस फाटकाबाहेर सायकलजवळ थांबायचा. आत हिंदी चालायची. नागपूरच्या कुणा मराठी मिस्त्रीनं साध्या मराठीत लिहिलं होतं, ही तार खाली जाते. ते मी हिंदीत वाचलं. हरप्रसादला ते दुसऱ्या रीतीनं वाचता येणंच शक्य नव्हतं. मला येत होतं, आणि मलाही ते सुचलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "काय झालं? परत सांगू का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही डोझरच्या पोटाचा पत्रा उघडला. तो उघडायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण त्यावर दोन पावसाळ्यांचा चिखल दगड होऊन बसला होता. हरप्रसाद पाठीवर झोपून छिन्नीनं चिखल फोडत होता, ढेकळं त्याच्या तोंडावर पडत होती. वरून चाचपडताना कळलं नव्हतं ते आत दिसलं: सेंडर इंजिनाच्या अंगावर बसवलेलाच नव्हता. थरथरीनं लवकर खराब होऊ नये म्हणून तिकडच्या लोकांनी तो तळाशी, रबराच्या गादीवर बसवला होता. तेल त्याच्याकडे रबरी नळीतून जायचं. वीज जाते तशी तिला परतही यावं लागतं. यंत्रात परतीची वाट म्हणजे बहुधा यंत्राचं लोखंडच असतं. इथं मध्ये रबर होतं, म्हणून परतीसाठी स्वतंत्र तार दिली होती. तिचं तुटलेलं शेपूट तिथं लोंबत होतं. तीच आम्ही वरून कापली होती. मग इतके दिवस यार्डात यंत्र चालत कसं होतं? रबरी नळीवर लोखंडी जाळीचं वेष्टन होतं. सपाटीवर ती जाळी चौकटीला टेकायची आणि वीज त्या चोरवाटेनं कशीबशी परतायची. उतारावर नळी हलायची, जाळी सुटायची, वाट बंद. सेंडरला दाब कळत होता. सांगायची सोय नव्हती.

हरप्रसादनं झोपल्या झोपल्याच स्वतःच्या गालावर चापट मारली. या वेळी जरा जोरात.

तार जोडली. डोझर बांधावर चढला, उतरला, चढला. चालकानं भोंगा वाजवला. मी बांधावर बसलो आणि मला रडू येईल असं वाटलं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

आता नागपूरच्या साहेबांना काय सांगायचं? हा प्रश्न मोठ्या साहेबांनी आमच्यासाठी सोडवूनच ठेवला होता. "चूहों पर डाल दो," ते म्हणाले. "चूहे तो थे ही." खरंच होते. उंदरांनी तार खाल्ली, मिस्त्रीनं शोधून काढली, मिस्त्रीचं नाव गेलं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. हरप्रसाद मला फाटकाशी थांबवून म्हणाला, "बाबूजी, चूहे ही कह दीजो. चूहन की कौन-सी नौकरी जाने है."

मी हसलो. पण त्याला म्हटलं, "नागपुर से और मशीनें आ रही हैं. सब पर यही पट्टी होगी. किसी और ने काट दी, और मशीन उतार पर बंद हो के लुढ़क गई तो?"

समोरच्या कडुलिंबाखाली त्याची सायकल होती, तिच्या हँडलला जेवणाचा डबा लटकलेला. "चलाने वाला तो हमाओ ही कोई होयगो," तो म्हणाला आणि सायकलकडे चालायला लागला. हो म्हणाला की नाही, मला कळलं नाही.

नागपूरकडचे बोरकर साहेब आले. गृहस्थ जाडसर, टोपीतले. डोझर बांधावर चालताना त्यांनी पाहिला, मान डोलावली. मग मला म्हणाले, "मराठी ना जी तुम्ही? काय झालं होतं याला?"

"सेंडरची परतीची तार तुटली होती, साहेब."

"कोणी तोडली? उंदरांनी?"

हरप्रसाद दोन हात अंतरावर उभा होता. मराठी त्याला पुरती कळायची नाही, पण उंदीर हा शब्द कळला असावा. तो जमिनीकडे बघायला लागला.

"आम्ही कापली," मी म्हटलं. "खाली होती म्हणून."

"खाली होती म्हणून कापली?" साहेबांना काही उमजेना. "खाली असलेली तार कापून टाकायची पद्धत आहे का तुमच्याकडे?"

"तसं नाही, साहेब. खाली म्हणजे… खाली. रिकामी. चिठ्ठीवर तसं लिहिलं होतं."

"अहो, चिठ्ठीवर खाली लिहिलं होतं म्हणजे ती खाली जात होती!"

"ते आता कळलं, साहेब."

त्यांनी पट्टी मागितली. हरप्रसादनं खिशातून काढून दिली. बोरकर साहेब ती बराच वेळ उलटसुलट करत राहिले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "ही आमच्या यार्डातली," ते म्हणाले. "आधी इंग्रजीत लिहायचे. पोरांना वाचता येत नव्हतं. मीच म्हटलं, मराठीत लिहा रे, म्हणजे सगळ्यांना समजेल." मग ते हरप्रसादकडे वळले. "मिस्त्री, पक्के हो या कच्चे?"

"कच्चे, साहब."

"काटा तुमने?"

हरप्रसादनं माझ्याकडे पाहिलं नाही. "हओ साहब. मैंनें ही काटो."

साहेबांनी पट्टी खिशात घातली. यापुढे जिथं जिथं अशा पट्ट्या दिसतील तिथं शब्द काढून आकडे घाला, एवढंच सांगून ते मोटारीत बसले. हरप्रसादबद्दल ते काही बोलले नाहीत. आमच्या मोठ्या साहेबांनी मला फक्त विचारलं, "चूहों में क्या बुराई थी?" आणि पेटीचं कुलूप लावलं.

मग दिवाळी आली, आणि नवं राज्य झालं. बाड्यावर रोषणाई झाली. लोक ती बघायला गेले आणि कोपऱ्याकोपऱ्यावर एकमेकांना विचारत राहिले, तुमचं खातं कुठं, तुमचं कधी. दादांना भोपाळ लागलं. ट्रंका बांधल्या आणि ते सगळे गेले. मी सायकलवरून जाताना खासगी बाजारातल्या त्या दाराकडे बघायचं टाळायला लागलो. हरप्रसाद रोज यार्डात यायचा आणि रोज डाकेच्या वेळी हात पुसून फाटकाशी उभा राहायचा.

आता आकडेच चालतात. परवाच्या त्या मुलाच्या पडद्यावरही आकडाच होता. आकडा सगळीकडे सारखा वाचतात, हे चांगलं आहे; मी त्याविरुद्ध कधी बोलणार नाही. पण त्यालाही नवा सेन्सर लावून तोच आकडा येत होता, आणि तोही घाम पुसत होता. त्याला घरी गेल्यावर कुणी विचारत असेल का, आज काय झालं म्हणून?

वहिनी गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. भोपाळचं घर आवरताना त्यांच्या मुलीला माझं एक पत्र सापडलं, ते तिनं मला आणून दिलं. त्या हिवाळ्यात मी लिहिलेलं. मी ते वाचलं आणि मला वाटलं, त्या क्वांराबद्दल याहून वेगळं मला आजही काही म्हणायचं नाही. तेच इथं देतो.

*

सुमनवहिनींना यशवंतचा नमस्कार.

तुम्ही सगळे पोचल्याचं दादांचं कार्ड मिळालं. तिथं पाण्याचा नळ घरात आहे हे वाचून बरं वाटलं. मी मुरारला खोली घेतली आहे. स्वयंपाक करतो. भात बरा होतो.

हरप्रसादचा हुकूम आला. तो पक्का झाला. मी सगळ्यांच्या आधी वाचला आणि धावत जाऊन त्याला सांगितलं. मग पुढची ओळ वाचली. नेमणूक जगदलपूर. यार्डात ते कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नकाशा आणला. तो बोटानं ग्वाल्हेरपासून मोजायला लागला आणि बोट जात जात नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं. म्हणाला, "नौकरी पक्की हो गई बाबूजी, घर कच्चो हो गओ." नाही म्हटलं तर नाव जातं.

हुकुमाच्या कागदावर बोरकर साहेबांचा शेरा आहे. नागपूरकडची पुष्कळ यंत्रं त्या बाजूला गेली आहेत, आणि त्यांच्या तारांतली ही चूक ओळखणारा माणूस म्हणून याला तिथं पाठवावं, असं त्यांनी लिहिलं आहे. म्हणजे आम्ही खरं बोललो त्यामुळेच तो पक्का झाला, आणि त्यामुळेच गेला. उंदीर म्हटलं असतं तर कदाचित तो मुरारलाच राहिला असता, काय म्हणून राहिला असता ते मात्र सांगता येत नाही. मी हे स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलं, पण दुसऱ्यांदा सांगायला गेलो की अडतं.

काल हरप्रसादला आणि त्याच्या घरच्यांना गाडीवर बसवून आलो. सामान फार नव्हतं. एक पेटी, एक चूल, सासूबाई. तो डब्यात इकडून तिकडे जागा करत होता, माझ्याशी मोठमोठ्यानं बोलत होता, चालकाचे टोमणे सांगून हसत होता. त्याची बायको खिडकीशी बसली होती. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो. गाडी हलली तेव्हा मात्र तिनं पदर सावरून एकदम विचारलं, "भैयाजी, उतै को पानी कैसो है?"

मला माहीत नाही, वहिनी. मी कधी तिकडे गेलेलो नाही, गेलेला कुणी मला भेटलेला नाही. मी गाडीबरोबर चार पावलं चाललो आणि म्हणालो, "मीठो है, भाभी. भोत मीठो है."

तिनं मान हलवली आणि आत वळून सासूला ते सांगितलं. म्हातारीनं हात जोडले.

बोरकर साहेबांसमोर मला खोटं बोलवलं नाही आणि इथं विचार न करता बोललो. हे बरोबर केलं की चूक, ते तुम्ही सांगा. दादांकडून लिहवून घेऊ नका. तुमच्या हातानं लिहा, दोन ओळी चालतील.

तुमचा,
यशवंत